शेंदूर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बी. ए. प्रथम वर्षाच्या वर्गावर म्हणी आणि वाक्प्रचार हा घटक चालू होता. या घटकाला मुले सहसा कंटाळतात. पाठ करावयाच्या याद्या एवढाच त्यांचा त्याविषयीचा समज असतो. तो समज थोडा तरी मोडावा म्हणून मी 'हरताळ फासणे' या वाक्प्रचाराची हकीकत सांगायला घेतली. पोथी लिहिताना अक्षर चुकले की लेखनिक त्यावर हरताळ नावाच्या पिवळ्या खनिजाचा लेप देई आणि तो वाळला की त्यावरच नवे अक्षर लिही. चूक झाकणारा हा लेप भाषेत शिरला तो मात्र उलट्या अर्थाने; चांगल्या गोष्टीवर पाणी फिरवणे म्हणजे हरताळ फासणे. हरताळ हे गंधक आणि अर्सेनिक यांचे संयुग, म्हणजे विषच, हेही मी सांगितले. वर्ग जरा जागा झाला. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, गाणाऱ्याला शेंदूर चारला की त्याचा आवाज जातो म्हणतात, ते खरं असतं का?"

"ती लोकसमजूत आहे," असे म्हणून मी पुढच्या वाक्प्रचाराकडे वळलो.

उत्तर चुकीचे नव्हते. पण ते प्रामाणिकही नव्हते. या एका समजुतीने आमच्या घराची वीस वर्षे खाल्ली आहेत, आणि वर्गात ते सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. जे तिथे सांगता आले नाही ते इथे लिहितो आहे.

माझे आजोळ बिलोलीचे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, तेलंगणाच्या सीमेलगत वसलेले हे तालुक्याचे गाव. बोलीत तेलुगूची आणि दखनीची सरमिसळ, आणि मोठे दुखणे निघाले की लोकांचे पाय आपसूक निजामाबाद-हैदराबादकडे वळणार. माझा धाकटा मामा या गावच्या भजनी मंडळाचा गळा होता. 'गळा' हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. मंडळात टाळकरी दहाबारा होते, पखवाज होता, पेटी होती; पण एकादशीच्या रात्री लोक मध्यरात्र उलटली तरी बसून राहत ते मामासाठी. वरच्या पट्टीतला त्याचा स्वर देवळाच्या ओट्यावरून आमच्या अंगणात जसाच्या तसा येई. आजी दारात बसून ऐके आणि मनाशीच पुटपुटे, "लेकराचा गळा लई गोड."

१९९३ च्या हिवाळ्यात हा स्वर फुटू लागला. आधी चढताना अडखळला, मग घोगरा झाला, आणि दोन-तीन महिन्यांत मामाचे साधे बोलणेही शेजारी बसून ऐकावे लागे. हळदीचे दूध झाले, ज्येष्ठमध झाला, अंगारा झाला. आणि एक दिवस आजीला आठवले की कार्तिकी एकादशीच्या रात्री मंडळातल्या पेटीवाल्या काकांनी मामाला पान लावून दिले होते. पेटीवाले काका स्वतःही गात. मामा गायला लागल्यापासून त्यांच्याकडे पेटीच तेवढी उरली होती. आजीला एवढे पुरले. "माझ्या लेकराला शेंदूर चारला की रं कुणी!" असा हंबरडा तिने भर ओसरीत फोडला, आणि तो गल्लीने ऐकला.

नाटकमंडळ्यांच्या काळापासून महाराष्ट्रात ही समजूत खोल रुजलेली आहे. एखाद्या गायकाचा आवाज अवेळी बसला की प्रतिस्पर्ध्याने पानातून वा दुधातून शेंदूर घातला, अशी कुजबुज व्हायचीच. त्यामुळे आजीच्या बोलण्यावर गावाने पुरावा मागितला नाही. काकांनी एक-दोनदा आमच्या दाराशी येऊन बोलण्याचा प्रयत्न केला. त्यांना कुणी बस म्हटले नाही. पुढच्या वर्षी त्यांनी मंडळ सोडले. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होतो. ते रस्त्यात दिसले की मीही मान फिरवत असे आणि आपण घराशी इमान राखतो आहोत असे मला वाटे.

मामा पोटासाठी काय करीत होता हे मात्र या सगळ्या चर्चेत कुणाच्याही मनात आले नाही. तो नर्सीच्या फाट्यावर, हैदराबादच्या रस्त्याला लागून असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये बॅटऱ्या दुरुस्त करीत असे. मालक धरून तिघे. ट्रक, ट्रॅक्टर, जीप यांच्या मेलेल्या बॅटऱ्या तिथे येत. त्यांतले तेजाब ओतून टाकायचे, प्लेटा काढायच्या, खरवडायच्या, कामातून गेलेल्या प्लेटा कढईत वितळवायच्या आणि साच्यात ओतून पुन्हा वापरायच्या. शाळेला सुट्टी असली की मी त्याचा डबा घेऊन जात असे. प्लेटा खरवडताना उडणारी ती तांबूस-करडी भुकटी मामाच्या भुवयांवर, सदऱ्यावर, पाण्याच्या हंड्यावर बसलेली असे. हात चड्डीला पुसून तो भाकरी मोडायचा. संध्याकाळी तेच कपडे मामी घरच्या दगडावर धूत असे, आणि माझा तीन वर्षांचा मामेभाऊ त्या पाण्यात खेळत असे.

१९९५ साली मामाचे पोट दुखू लागले. असे दुखे की तो गुडघे पोटाशी घेऊन रात्र काढी. चेहरा पांढराफटक झाला. मग उजव्या हाताचे मनगट पडले. पंजा नुसता लोंबे, टाळ उचलता येईना. शेवटी त्याला हैदराबादला नेले. तिथल्या एका वयस्कर डॉक्टरांनी दोनच गोष्टी केल्या, असे वडील पुढे नेहमी सांगत. त्यांनी मामाचा ओठ खाली ओढून हिरड्यांवरची निळसर काळी रेघ पाहिली आणि विचारले, "काम काय करता?" मामाने कुजबुजत्या आवाजात सांगितले. डॉक्टर वडिलांकडे वळून म्हणाले, "याच्या अंगात शिसं भरलंय."

इंजेक्शने झाली, शिशाला रक्तात पकडून लघवीवाटे बाहेर काढणारे औषध असते. पोटदुखी थांबली, मनगट काही महिन्यांनी बरेचसे उठले. आवाज मात्र परतला नाही. आवाजाचे कारण शिसेच का, असे वडिलांनी विचारले तेव्हा डॉक्टर म्हणाले, असू शकेल. पण छातीठोकपणे काही बोलले नाहीत. या 'असू शकेल'चा आजीला काहीच उपयोग नव्हता. तिच्या दृष्टीने शिसे हे पोटाचे आणि हाताचे दुखणे; गळा शेंदरानेच गेला होता.

शेंदूर म्हणजे काय, हे मी पुढे कितीतरी वर्षांनी, मराठीचा अध्यापक झाल्यावर, शब्दांच्या पाठीमागे लागून शोधले. संस्कृतात शेंदराचे एक नाव 'नागसंभव' असे आहे, आणि रसशास्त्रात नाग म्हणजे शिसे. शिशापासून जन्मलेला तो शेंदूर. शिसे हवेत भाजले की प्रथम पिवळसर मुरदाडशिंग होते. तेच साडेचारशे ते पाचशे अंशांच्या आसपास हवेत तासन्‌तास तापवत ठेवले की नारिंगी-लाल शेंदूर तयार होतो. एक किलो अस्सल शेंदरात नऊशे ग्रॅमच्या वर शिसेच असते. रसायनशास्त्राच्या एका मांडणीनुसार तो शिशाने शिशाशीच जमवलेला क्षार आहे. हळद आणि चुना यांचे कुंकू, पारा आणि गंधक यांचा हिंगूळ आणि हा शिशाचा शेंदूर, हे तिन्ही तांबडेच. म्हणून आपण त्यांना एकाच तबकात बसवतो. पण त्यांची कुळे वेगळी, आणि त्यांतले कुंकू तेवढे निरुपद्रवी.

याच शेंदराचा दुसरा संसार कारखान्यांत आहे. जवसाच्या तेलात कालवून तो दीर्घकाळ जगभरच्या लोखंडी पुलांना आणि जहाजांच्या तळांना पहिला हात म्हणून दिला गेला, कारण तो गंज रोखतो. (आपण खिडक्यांच्या गजांना लावतो तो रेड ऑक्साइड सहसा लोखंडाचा असतो, तो वेगळा.) तेलात कालवलेला शेंदूर मारुतीला लावणारा आमचा गुरव आणि पुलाला लावणारा रंगारी यांची कृती मुळात एकच होती, हे ध्यानात आले तेव्हा मला गंमत वाटली होती. भारी काचेत, चिनी मातीच्या भांड्यांच्या चकाकीत शेंदूर जातो. आणि बॅटरीच्या धन प्लेटांवर थापण्याच्या लगद्यातही शिशाच्या भस्माबरोबर तो मिसळतात. बॅटरी चालू लागली की या लगद्याचे तपकिरी संयुग होते आणि ती उतरत गेली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट हा पांढरट क्षार धरतो. 'बॅटरी सल्फेट झाली' असे मामा म्हणे ते हेच.

हे वाचले त्या दिवशी मी पुस्तक मिटून बसून राहिलो. आजीचे म्हणणे एका भयंकर अर्थाने खरे होते. मामाला शेंदूर चारला गेला होता. पण तो एका रात्री पानातून नव्हे. आठ-नऊ वर्षे, रोज, भाकरीतून आणि श्वासातून. चारणारा कुणी वैरी नव्हता. त्यात मालकाची बेफिकिरी होती, आमचे अज्ञान होते, आणि बॅटरीवर चालणाऱ्या ट्रॅक्टरांची आम्हा सगळ्यांनाच असलेली गरज होती.

शिशाचा स्वभावच असा आहे. शरीर त्याला कॅल्शियम समजून फसते आणि हाडांत साठवते. तिथे ते दशकानुदशके राहते. रक्त बनण्याची क्रिया ते अडवते, म्हणून पांढरा पडलेला चेहरा. हातापायांना हालचाल देणाऱ्या नसांवर घाव घालते, म्हणून पडलेले मनगट. स्वरयंत्राच्या नसांवरही त्याचा परिणाम होऊ शकतो. शिसे पोटात गेलेल्या घोड्यांचे स्वरयंत्र लुळे पडून श्वासाला घरघर लागते, हे पशुवैद्यकाला चांगले ठाऊक आहे. तेव्हा 'शेंदराने आवाज जातो' ही समजूत अगदीच निराधार म्हणता येणार नाही. कुणीतरी, केव्हातरी, काहीतरी पाहिले असले पाहिजे. चुकले ते एवढेच, की साठत जाणाऱ्या विषाला आपण एका रात्रीच्या कटाची गोष्ट करून टाकले. कटाच्या गोष्टीला खलनायक असतो. साठत जाणाऱ्या विषाला तो नसतो, आणि तसली गोष्ट आपल्याला सांगता येत नाही.

याविषयी कायदे नव्हते असे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात डॉक्टरने सरकारला कळवलेच पाहिजेत अशा रोगांची एक अनुसूची होती, आणि तीत शिसे व त्याच्या संयुगांची विषबाधा अगदी वरच्या जागी होती. कामाच्या जागी हवेतल्या शिशाची मर्यादाही, दर घनमीटरला ०.१५ मिलिग्रॅम अशी, पुढे त्या अधिनियमात आली. पण कारखाना म्हणजे काय? यंत्रशक्ती असेल तर दहा आणि नसेल तर वीस कामगार, ही त्या कायद्याची व्याख्या. पत्र्याच्या शेडमधली तीन माणसे कोणत्याच गणिताने कारखाना होत नव्हती. मर्यादा होती, पण ती ज्या हवेला लागू होती ती हवा मामाच्या नाकाची नव्हती. नोव्हेंबर २०२५ मध्ये या अधिनियमाची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. तीत कारखान्याच्या व्याख्येतला आकडा वीस आणि चाळीसवर गेला आहे. मात्र धोकादायक म्हणून अधिसूचित केलेल्या कामांना एका कामगारापासूनही संहिता लावता येईल, अशी सोयही आहे. ती सोय फाट्यावरच्या शेडपर्यंत पोहोचते की नाही, यावर सारे अवलंबून. जुन्या बॅटऱ्या नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच जाव्यात यासाठी २००१ चे नियम होते, आता २०२२ चे आहेत. मामाची कढई या सर्वांच्या आधीची.

बाकीच्या शिशाकडे पाहिले तरी हीच व्याख्यांची मौज दिसते. पेट्रोलमधले शिसे देशभरातून फेब्रुवारी २००० पासून गेले. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसे नको, असा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. औद्योगिक रंग त्याच्या बाहेर राहिले. प्रसाधनांना रंग आणण्यासाठी शिशाची संयुगे वापरण्यास मनाई आहे. म्हणजे भिंतीसाठी नियम आहे, कपाळासाठी आहे. पण दगडाला लावायचा शेंदूर ना भिंतीचा रंग, ना प्रसाधन, ना खाद्य. पुडीवर 'फक्त पूजेसाठी' असे छापले की तो जणू माणसांच्या जगातून बाहेर पडतो. प्रत्यक्षात मात्र तो मारुतीच्या अंगठ्यावरून बोटाला लागतो, बोटावरून लेकराच्या कपाळाला आणि तिथून त्याच्या तोंडात जातो. आज बाजारात शेंदूर म्हणून मिळणाऱ्या सगळ्याच भुकट्या शिशाच्या नसतात. पण कोणती आहे आणि कोणती नाही हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या आणि भारतातल्या दुकानांतून घेतलेल्या सिंदूराच्या ११८ नमुन्यांची तपासणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. पाचांतल्या सुमारे चारांत शिसे सापडले होते. युनिसेफने २०२० च्या अहवालात जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात चिंता वाटावी इतके शिसे असल्याचा अंदाज दिला, आणि त्यांतली साडेसत्तावीस कोटींच्या आसपास मुले भारतातली होती. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझ्या मामेभावाच्या रक्ताची तपासणी कुणी केली नाही. तो अभ्यासात मागे पडला तेव्हा आम्ही मामीच्या लाडांना दोष दिला. त्याचे कारण मला आता कधीच कळणार नाही. पण तो दोष देताना आम्हाला जी खात्री होती, ती मात्र आठवते आणि लाज वाटते.

२०२२ च्या पावसाळ्यात वणीच्या सप्तशृंगी देवीचे मंदिर दर्शनासाठी काही आठवडे बंद होते. देवीच्या मूर्तीवर वर्षानुवर्षे चढलेला शेंदूर काढण्याचे काम चालू होते. एक हजार किलोंहून अधिक शेंदूर निघाल्याच्या बातम्या आल्या. आतून मूर्तीचे मूळ रूप समोर आले, त्याची छायाचित्रे अनेकांनी पाहिली असतील. श्रद्धेनेच चढवलेल्या थरांनी ते रूप झाकले होते आणि श्रद्धाळूंनीच ते काढून घेतले. देवीच्या बाबतीत हे जमले. माणसाच्या नावावर चढलेले थर इतक्या सहज निघत नाहीत.

आजी २००१ साली गेली. पेटीवाल्या काकांविषयीचे तिचे मत शेवटपर्यंत बदलले नाही. मामा २००९ साली गेला. त्याने काकांना कधी दोष दिला नव्हता, पण आजीपुढे त्यांची बाजूही कधी घेतली नव्हती. घ्यायला त्याच्याजवळ आवाजच नव्हता, असे म्हणून मी त्याला माफ करतो. मग माझी सबब कोणती होती? १९९५ साली हैदराबादच्या डॉक्टरांनी जे सांगितले ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होते. त्यानंतरही आम्ही अठरा वर्षे मान फिरवत राहिलो. पोथीतली चूक झाकायला हरताळ असतो. आम्ही तो एका चांगल्या माणसाच्या नावावर फासला आणि वर नवे अक्षर लिहिलेच नाही.

२०१३ च्या दिवाळीत मी एकदाचा काकांच्या घरी गेलो. ते ओसरीत बसले होते, डोळ्याने अधू झालेले. मी कोण ते सांगितले. बॅटऱ्या, शिसे, डॉक्टर, सगळे एका दमात सांगून टाकले आणि म्हणालो, "काका, तुमचा काही संबंध नव्हता. आम्ही चुकलो."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पान तर मीच दिलतो बघ. त्यात चुना जास्त झालता का, हेच आठवत बसलो इतके वर्षं."

मला काही सुचेना. आम्ही त्यांच्यावर आळ घेतला होता एवढेच मला ठाऊक होते. त्या आळावर त्यांनी स्वतःच अर्धा विश्वास ठेवला होता, हे मला ठाऊक नव्हते. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "हात तरी सुधारला होता का त्याचा? टाळ धरत होता?"

"धरत होता," मी म्हणालो. ते खरे होते. शेवटची काही वर्षे मामा भजनात मागे बसून नुसता टाळ वाजवत असे.

या आठवड्यात त्या मुलीला बोलावून घ्यायचे आहे. शेंदराने आवाज जातो का, या तिच्या प्रश्नाला 'लोकसमजूत' हे उत्तर पुरेसे नाही, हे तिला सांगायचे आहे. शेंदूर विषारी असतो. तो गळ्यालाही सोडीत नाही. मात्र तो पानातून एका रात्रीत आला असे कुणी सांगू लागले, तर आधी त्या माणसाच्या कामाची जागा पाहून यावी. आणि कुणाचे नाव घेण्यापूर्वी थोडे थांबावे, एवढे शेवटी सांगायचे आहे.